चांगूच्या कोंडावर मुक्काम

सुहासचं लग्न पाण्यावाचून अडलं होतं, म्हणून अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात, ऐन उन्हाच्या तडाख्यात, आम्ही चौघं सह्याद्रीच्या पोटात शिरलो.

सुहास माझा जुना विद्यार्थी. मी महाडच्या शाळेत भूगोल शिकवते, आणि समोच्च रेषा पाहून ज्याचे डोळे चमकतात असा मुलगा मी जन्मभर विसरत नाही. बिरवाडीत भाड्याची खोली घेऊन तो तिथल्या कारखान्यात नोकरी करत होता. घर मात्र आंबेकोंडला. आमच्या महाड-पोलादपूरकडे कोंड म्हणजे डोंगरातली लहानशी वाडी. अमका कोंड, तमका कोंड अशी नावं इथे पावलोपावली भेटतात. त्यातलाच हा आंबेकोंड, कापड्याच्या वरच्या अंगाला एका अरुंद खोऱ्यात, डोंगराच्या सोंडेवर वसलेली बौद्धवाडी. घरं वर आणि नदी खाली खोल दरीत. होळी झाली की वाडीची विहीर तळ दाखवायची, आणि मग पाऊस येईपर्यंत बायका हंडे घेऊन दरी उतरायच्या, चढायच्या.

सुहासचं जिच्याशी जमलं होतं ती प्रियदर्शिनी पोलादपूरला नर्स होती. तिने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "तू मला पसंत आहेस. पण डोक्यावर हंडा घेऊन तो चढ मी चढणार नाही, आणि तुझ्या आत्यालाही यापुढे चढू देणार नाही. आधी पाणी, मग पत्रिका!"

आत्या म्हणजे काशीबाई. आईवेगळ्या सुहासला त्यांनीच वाढवलेलं. साठी ओलांडलेली, अंगाने काडी, जिभेने कोयता. "बिरवाडीला खोलीवर चल," म्हणून सुहासने हजारदा विनवलं, पण वाडी सोडायचं नाव नाही. आणि आत्याला मागे टाकून संसार थाटायचा, हे सुहासला जमणारं नव्हतं. झालं! गाडं तिथेच रुतलं.

पाणीपुरवठ्याच्या साहेबांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. "वाडीत वीज धड नाही, पंप चालणार नाही. वाडीच्या वर बारमाही पाणी असेल आणि ते उताराने खाली येत असेल, तर नळ टाकू. ऐन मे महिन्यात वाहतं पाणी मला दाखवा." त्यावर काशीबाई ठसक्यात म्हणाल्या होत्या, "हाय तर! पदरावर उंबराचं पानी हाय. मी लहानपनी गुरं घेऊन जायची तवा वैशाखात खळाखळा व्हायचं." साहेब हसले आणि सुहास माझ्याकडे नकाशा मागायला आला.

नकाशा माझ्याकडे होताच. पण विनीताबाईंनी नकाशा द्यायचा आणि घरी बसायचं? छे! मी त्याच संध्याकाळी माळ्यावरचे चढाईचे बूट खाली काढले.

चौथे गडी माझे यजमान शरच्चंद्र. (नाव घेतलं; आता उखाणा मागू नका.) महाडच्या बाजारात त्यांचं नळ, पाइप आणि बांधकामाच्या सामानाचं दुकान. चढणीचा त्यांना मनापासून कंटाळा. पण पुराच्या वर्षी गळाभर पाण्यात उभं राहून सुहासने त्यांचा माल माळ्यावर चढवून दिला होता, हे ते विसरले नव्हते. "पाणी मिळालं तर पाइप आपले," त्यांनी जाहीर करून टाकलं, "आणि ते कुठून न्यायचे हे मी डोळ्यांनी बघणार!"

निघण्याच्या आदल्या दिवशी सुहासबरोबर काशीबाई आमच्याकडे मुक्कामाला आल्या आणि ओट्यावर बसून त्यांनी वाट सांगितली.

"पयला मुक्काम चांगूच्या कोंडावर. तिथनं नाळ चडायची. नाळ चडली का पदर. पदरावर उंबर, उंबराखाली पानी."

नाळ म्हणजे कड्याला उभी पडलेली दगडगोट्यांची घळ, आणि पदर म्हणजे कड्याच्या कमरेवरची सपाट पायरी, एवढं मला ठाऊक होतं. यजमानांचं लक्ष मात्र मुक्कामावर होतं.

"चांगूचा कोंड मोठा आहे का हो, काशीबाई?"

"लय मोठा, शेट. धा मानसं उतरली तरी भरायचा नाय."

"वा! आणि चांगू असतो ना तिथे?"

"तिथंच हाय. तो कुठं जातोय!"

"त्याला काय आवडतं?"

काशीबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. "मासळीवर लय जीव त्याचा."

शरच्चंद्र उठले ते थेट बाजारात. चांगूसाठी सुकट, चांगूच्या पोराबाळांसाठी पेढे, चांगूच्या बायकोसाठी चहा-साखर अशी पिशवी भरून आले, आणि मी भरून ठेवलेले तांदूळ आणि डाळ त्यांनी माझ्या पिशवीतून बाहेर काढले.

"अहो, हे काय?"

"चांगूच्या घरी उतरायचं आणि जेवायला आपलाच तांदूळ काढायचा? अपमान होईल त्याचा!"

मी सुहासकडे पाहिलं. तो म्हणाला, "वर कधी गेलो नाही बाई मी. धनगरांची वस्ती असेल." माणुसकीच्या गोष्टीत नवऱ्याला अडवू नये असं मला वाटलं. म्हणून तांदूळ घरी राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कापड्याला उतरलो आणि चालायला लागलो. खोऱ्यात शिरलं की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ सरकत येतात, आणि समोर महाबळेश्वराच्या पठाराचा कडा आभाळाला टेकलेला दिसतो. भाजावळीत पालापाचोळा जाळून काळी झालेली शेतं, त्यांच्या बांधांवर पिकल्या आंब्यांचे सडे आणि करवंदांनी लगडलेल्या जाळ्या. यजमान दर जाळीला थांबत होते. त्यांच्या गळ्यात पारदर्शक प्लास्टिकच्या नळीचं भलंमोठं वेटोळं होतं. गवंडी दोन टोकांची पातळी बघायला नळीत पाणी भरतात ना, तीच ही लेव्हलची नळी.

"दुकानात सुतळीपासून नायलॉनच्या दोरापर्यंत सगळं आहे," मी म्हटलं, "आणि डोंगरात आणायला तुम्हाला ही नळी सापडली!"

"दोराने उतार मोजता येतो का?" त्यांनी करवंद तोंडात टाकत विचारलं.

आंबेकोंडाच्या पायवाटेवर बायका भेटल्या, दोन-दोन हंड्यांची उतरंड घेऊन, मान ताठ ठेवून चढणाऱ्या. त्यातली एक श्वास सावरायला थांबली आणि काशीबाईंना म्हणाली, "आक्का, मिळंल का गो?" काशीबाई म्हणाल्या, "नाय मिळालं तर तोंड दाखवायची नाय!" मला ते हसण्यावारी वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा हसत नव्हता.

वाडीत भाकरी खाऊन, काशीबाईंनी वाटेसाठी बांधलेल्या आणखी चार फडक्यात घेऊन, आम्ही सोंडेवरून वर निघालो. वाडीमागे डोंगराचा लांब दांड आडवा पडला होता आणि त्याला मध्येच एक खिंड होती. खिंडीत एकटं सावरीचं झाड. खिंड ओलांडली आणि पलीकडे वेगळंच खोरं उलगडलं. दाट झाडी, माणसाची चाहूल नाही, आणि कड्यातून फुटलेली एक काळी घळ! उन्हं कलली तशी वाट घळीत शिरली. दगडावरून दगडावर उड्या मारत आम्ही पुढे. कुत्र्याचं भुंकणं नाही, कोंबडं नाही, चुलीचा धूर नाही. शरच्चंद्रांनी केस नीट केले, पेढ्यांची पिशवी पुढे घेतली.

"आला!" काशीबाई ओरडल्या. "ह्यो बगा चांगूचा कोंड!"

समोर पाणी होतं. तिन्ही बाजूंनी कातळ उभा, आणि मधोमध काळानिळा, काठोकाठ भरलेला, स्तब्ध डोह!

 वर कुठेतरी कस्तूर पक्षी शीळ घालत होता.

"आणि... चांगू?" यजमानांनी क्षीण आवाजात विचारलं.

"म्हनलं न्हवं, तिथंच हाय. माज्या आजीच्या येळचा मानूस. मासे धराया उडी मारली, परत वर आला नाय. म्हनून चांगूचा कोंड."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. वाडीलाही कोंड म्हणतात आणि नदीतल्या खोल डोहालाही कोंडच म्हणतात! पंधरा वर्षं मी ह्या तालुक्यांचा भूगोल शिकवते आणि डोहावर मुक्कामाला निघताना आम्ही तांदूळ घरी ठेवून आलो होतो. सुहास खालच्या दगडावर बसून पोट धरून हसत होता. "धा माणसं उतरली तरी भरायचा नाही!" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"काशीबाई, ही सुकट आता चांगूला..." यजमानांनी विचारलं.

"नाय चालायची. त्याला ताजी लागायची!"

रात्रीचं जेवण म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली सुकट, वाटणीला एकेक भाकरी, वर पेढे आणि कोरा चहा. यजमानांनी सात पेढे खाल्ले आणि चांगूच्या आदरातिथ्याची तारीफ केली. डोहापासून जरा वर, सपाट कातळावर आम्ही अंग टाकलं.

उजाडताच नाळ! वर बघितलं की टोपी पडावी इतका उभा चढ. नुसती दगडांची नदी. तळाला हत्तीएवढे धोंडे, वर जावं तसे लहान होत गेलेले आणि तितकेच सुटे. पाण्याचा प्लास्टिकचा कॅन सुहासच्या पाठीवर. पुढे काशीबाई, लुगड्याचा काष्टा मारून, पाय अनवाणी. मध्यावर दोन कातळांच्या फटीतून वाट होती. काशीबाई सुळकन गेल्या, सुहास गेला, मी गेले. शरच्चंद्र अर्ध्यात अडकले.

"श्वास सोडा!" मी वरून ओरडले.

"सोडला!"

"आणखी सोडा!"

"आता प्राण सोडायचा राहिलाय!"

सुहासने हात धरून ओढलं. नळीचं वेटोळं कातळावर घासलं, सदऱ्याची दोन बटणं तुटली आणि बाटलीचं बूच निघावं तसे यजमान बाहेर आले. आम्ही हसत असतानाच वरून 'हुप्प!' असा आवाज आला.

वानरांची टोळी! नाळ आडवी ओलांडताना त्यांच्या उड्यांनी दगड सुटले. पहिला मुठीएवढा. मग डोक्याएवढा. मग सगळी नाळच गडगडायला लागली!

"कातळाला चिकटा!" सुहास ओरडला.

मी काशीबाईंना आत ढकललं. यजमान माझ्या अंगावर. दगड कानाजवळून सूं सूं करत गेले. एक धोंडा समोर आपटला, फुटला, कपच्या उडाल्या. काड्‌कन आवाज झाला. मग धूळ, आणि धुळीत खाली खाली जाणारा गडगडाट.

"सुहास!"

"आहे, बाई!" तो खोकत पुढे आला. हात खरचटले होते. पण पाठीवरचा कॅन उभा फाटला होता आणि पाणी त्याच्या विजारीवरून ओघळून दगडांत जिरत होतं. आम्ही धावलो. बाटली लावली. अर्धी बाटली हाती लागली.

आता काय? खाली कोंड होता, भरलेला. वर उंबराचं पाणी होतं. काशीबाईंनी बोट दाखवलं. "त्यो बगा पदर. जवळ आलं. पानी हायच की वर!" सुहासने माझ्याकडे पाहिलं. मी नकाशा पाहिला. पदर खरोखरच जवळ होता. "चला वर," मी म्हटलं.

पदरावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कड्याला चिकटलेली हिरवी-पिवळी पट्टी, हिरड्याची झाडं, वाळलेलं गवत, कुणा एके काळच्या वस्तीची पडकी जोती. इथून खोरी एका नजरेत दिसत होती, एकामागे एक पडलेले दांड, आणि दूर धुरकट उजेडात सावित्रीची वळणं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तासभर बघत बसले असते. पण काशीबाई धावत सुटल्या होत्या.

उंबर उभा होता. चांगला हिरवागार. त्याच्याखाली मात्र दरडीचा ढीग पडला होता. कड्यावरून कधीतरी आलेली माती आणि दगड, त्यावर रान माजलेलं. पाणी नव्हतं.

सुहासने कमरेचा कोयता काढून उकरलं. मी हातांनी. यजमानांनी दगड बाजूला केले. हातभर खाली माती जरा ओलसर लागली. आणखी खाली तेवढीच ओलसर. मुठीत दाबली तर हाताला चिकटली, पण थेंब काही सुटला नाही.

काशीबाई उंबराला टेकून बसल्या. त्यांच्या जिभेचा कोयता पहिल्यांदाच म्यान झालेला मी पाहिला.

"दरसाल वीस मार्चला महाडाला जाते, बाई," त्या म्हणाल्या. "चवदार तळ्याचं पानी वंजळीत घेते. पानी घ्यायचा हक्क आमच्या म्हाताऱ्यांनी मिळवला, म्हनून छाती फुगते. आन् दुसऱ्या दिशी घरला येऊन हंडा घेऊन दरी उतरते. हक्क हाय, पानी नाय. ह्या पोराचं लगीन तरी ह्या पान्यावर लावीन म्हनलं व्हतं."

 सुहास त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "आत्ये, लग्न होईल नाहीतर नाही होणार. तुला काही झालं तर मी काय करू? ऊठ." उरलेलं पाणी त्याने त्यांना पाजलं. त्या नको म्हणत होत्या. त्याने ऐकलं नाही.

आणखी उकरावं असं मलाही वाटत होतं. पण पाणी संपलं होतं, ऊन तापलं होतं आणि घरी सुखरूप पोचणं जास्त महत्त्वाचं होतं. "उंबराला रामराम करा," मी म्हटलं. "कोंडावर उतरायचं. आत्ताच!"

चढण्यापेक्षा उतरणं वाईट! तापलेले दगड हाताला चटके देत होते. जीभ टाळ्याला चिकटली होती. यजमानांची बडबड बंद पडली, यावरून काय ते समजा. फट ओलांडली, आणि खालच्या घसाऱ्यावर, सुट्या दगडांच्या उतारावर, काशीबाईंचा पाय पडला. तो घसारा सकाळच्या दगडांनी पार सुटा करून ठेवला होता.

त्या घसरल्या. एक किंकाळीही नाही. दगडांबरोबर खाली, आणखी खाली, आणि घसारा जिथे तुटून सरळ कड्यावरून जात होता त्याच्या अलीकडे एका कारवीच्या झुडपाला त्यांचा हात लागला. झुडूप वाकलं. मुळं वर आली.

"आत्ये!" सुहास पुढे झेपावला. त्याच्या पायाखालचे दगड सुटून त्यांच्याच दिशेने गेले. मी त्याला गच्च धरलं. दोर! दोर कुठे होता? महाडच्या दुकानात, खुंटीवर!

शरच्चंद्रांनी गळ्यातलं वेटोळं काढलं. झटकन नळी दुहेरी केली, फटीत अडकलेल्या धोंड्याला वेढा दिला आणि टोक खाली फेकलं. "काशीबाई, मनगटाला गुंडाळा! दोन वेढे!" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. काशीबाईंनी एक हात सोडला. झुडूप उपटलं. नळी ताणली. रबरासारखी ताणली, बारीक झाली, आणि थांबली!

"ओढा!"

आम्ही तिघांनी ओढलं. एक हात, दुसरा हात, आणखी एक. काशीबाई वर आल्या, गुडघे फुटलेले, डोळे मिटलेले. मग एक डोळा उघडून म्हणाल्या, "शेट, ह्या नळीचा काय भाव?"

यजमान हसले आणि मटकन खाली बसले.  मी त्यांचे हात हातात घेतले. त्या नळीला मी पुन्हा कधी नावं ठेवली नाहीत.

कोंडावर पोचलो तेव्हा आम्ही पाण्यात तोंडंच घातली. गार पाणी! दात शिवशिवले. पिऊन, डोकं भिजवून, काशीबाईंचे गुडघे धुऊन आम्ही कातळावर आडवे झालो. मी डोळे मिटून पडले होते आणि गारवा हळूहळू मेंदूपर्यंत पोचत होता.

गार?

मी उठून बसले. मे महिना, साचलेला डोह, दुपारचं ऊन. ते पाणी कोमट हवं! मी काठाकडे पाहिलं. काल भरलेला होता तसाच, काठोकाठ. तोंडाशी दगडांच्या खालून बारीक खळखळ येत होती. म्हणजे पाणी बाहेर चाललं होतं. आणि आत? वरून तर आम्हीच आलो होतो. अख्खी नाळ कोरडी ठणठणीत!

"सुहास," मी ओरडले, "बाहेर पाणी जातंय, वरून थेंब येत नाही, तरी पातळी तीच. भूगोलात पैकीच्या पैकी ना तुला? सांग!"

तो उठून काठाशी आला. मग त्याची नजर डोहामागच्या कातळावर गेली. काळ्या कातळाच्या खाली, पाण्याच्या रेषेला लागून, तांबड्या मातीचा एक पट्टा आडवा गेला होता. काळ्या खडकाच्या भेगांतून मुरलेलं पाणी अशा तांबड्या थरावर अडतं आणि आडवं वाहत बाहेर पडतं, हे मी दर वर्षी फळ्यावर काढते.

"उंबराचं पाणी," तो हळू म्हणाला. "आटलं नाही. तोंड बंद झालं म्हणून खालून इथे आलं!"

"किंवा पहिल्यापासून दोन्हीकडे येत असेल," मी म्हटलं. "पण येतंय हे खरं. फक्त बघायला हवं, किती."

सुहासने सदरा काढला.

"नाय!" काशीबाई ताडकन उठल्या. "त्यात उतरायचं नाय! चांगू गेला तसा तू बी..."

"आत्ये, चांगू मासे धरायला कपारीत शिरला असेल. मी शिरणार नाही. फक्त हात लावून येतो."

नळीचं टोक त्याने कमरेला बांधलं, दुसरं यजमानांनी धरलं. सुहासने छाती भरून श्वास घेतला आणि उडी मारली.

पाणी मिटलं. वर्तुळं काठाला लागली. नळी सरकत होती, सरकत होती, आणि थांबली. आम्ही पाण्याकडे बघत होतो. बुडबुडे आले. मग बुडबुडेही थांबले. काशीबाईंनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचकली. "ओढा शेट, ओढा!" यजमानांनी नळी ओढली. नळी आली नाही!

आणि त्याच क्षणी डोहाच्या भलत्याच कडेला पाणी फुटलं. सुहासचं डोकं! तो धापा टाकत होता आणि हसत होता.

"नळी दगडाला अडकली... पण आत्ये, पाणी! कातळातून येतंय! हाताला ढकलतंय! बर्फासारखं गार!"

काशीबाईंनी त्याला बाहेर काढलं, आधी पाठीत एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरलं. मी नाचत होते. हो, भर घळीत, चाळिशीच्या विनीताबाई नाचत होत्या!

"थांबा," शरच्चंद्र म्हणाले. "पाणी इकडच्या खोऱ्यात. वाडी दांडाच्या पलीकडे. पाइप खिंडीतून जाणार. खिंड कोंडाहून उंच असली तर तुमचा नाच फुकट."

 खरंच होतं ते! म्हणून तर एवढं पाणी शेजारी असून आंबेकोंडाला कधी मिळालं नव्हतं. ते पलीकडच्याच खोऱ्यात वाहून जात होतं.

मी नकाशा काढला. पण ह्या घळीत समोच्च रेषा एकमेकींना इतक्या चिकटल्या होत्या की उत्तर मिळेना. यजमानांनी नळी सोडवून घेतली, कोंडाच्याच पाण्याने अर्धी भरली आणि डोहाच्या तोंडाजवळच्या धोंड्यावर चढले. तिथून समोर खिंड दिसत होती, आणि खिंडीतलं ते एकटं सावरीचं झाड. नळीचं एक टोक त्यांनी डोळ्याजवळ धरलं, दुसरं टोक सुहासने थोडं पुढे. दोन्हींतलं पाणी हललं, डचमळलं, हळूहळू एका पातळीला आलं. दोन पाण्यांवरून नजर सरळ खिंडीकडे.

"काय दिसतं?" मी विचारलं.

 त्यांनी घाम पुसला, पुन्हा डोळा लावला. काशीबाई हात जोडून उभ्या होत्या, कुणाला ते त्यांनाच ठाऊक.

"विनीता, तूच बघ."

मी वर चढले. डोळा लावला. दोन पाण्यांची रेघ जुळली. ती रेघ समोर जाऊन टेकली ती झाडाच्या शेंड्यावर! बुंधा खाली, आणि खिंड बुंध्याच्या पायाशी!

"खिंड खाली आहे!" मी किंचाळले. "पाणी जाईल! आपल्या पायांनी चालत जाईल!"

घळीने ते तीनदा परत म्हटलं. यजमानांनी उरलेले पेढे काढले. एक काशीबाईंना दिला, एक सुहासला, आणि दोन स्वतःला.

साहेब आठवड्याभरात स्वतः कोंडावर चढले, पाण्यात हात घातला आणि म्हणाले, "मान गये!" पुढचं पावसाळ्याचं आणि सरकारी वेळेचं गणित मी सांगत बसत नाही. पुढच्या वर्षी उन्हाळा लागला तेव्हा आंबेकोंडाच्या चावडीसमोर नळ उभा होता. पाइप ठरल्याप्रमाणे आमच्या दुकानातले.

पाणी सोडायच्या दिवशी प्रियदर्शिनी पहिल्या एसटीने आली. पांढरी साडी, हातात रिकामा स्टीलचा तांब्या. नळ उघडला. फुर्र करून वारा आला. मग तांबडं पाणी, मग पुन्हा वारा, मग काही नाही. सगळी वाडी श्वास रोखून उभी. पाइपात लांबून गुरगुर ऐकू आली आणि एकदम पांढरी धार उसळली!

"आला!" काशीबाई ओरडल्या. "चांगू आला गो खाली!"

प्रियदर्शिनीने तांब्या भरला, आधी काशीबाईंना पाजला, मग स्वतः प्यायली. सुहास समोर उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, जणू कारखान्यात सुटीचा भोंगा वाजायचा राहिलाय.

"पत्रिका छापायला टाक," ती म्हणाली. मग काशीबाईंकडे वळून हळूच विचारलं, "आत्या, हे चांगू कोण?"

"आमच्या लग्नाचे पाहुणे," सुहासच म्हणाला.

लग्न वाडीच्या विहारासमोर झालं. वंदना झाली, हार घातले गेले, आणि सगळे पंगतीकडे वळले तेव्हा शरच्चंद्र कुठे दिसेनात. ते नळाजवळ सापडले. महाडच्या बाजारातून पहाटे उचललेली मासळीची पिशवी त्यांनी आचाऱ्यापुढे धरली होती.

"नवऱ्याकडच्या पाहुण्यासाठी," ते त्याला समजावत होते. "ताजी आहे. सुकट त्याला चालत नाही."